पैसा कुठून येणार, हे कुणाला विचारायचं?

निपाणीहून कागलला निघालं की मध्ये कोगनोळीचा नाका लागतो. नाक्याच्या अलीकडे कर्नाटक, पलीकडे महाराष्ट्र. एका माहेरच्या दोन बहिणी, थोरली निपाणीत दिलेली आणि धाकटी कागलात, असं घर आमच्या भागात शोधत हिंडावं लागत नाही. थोरलीच्या खात्यावर गृहलक्ष्मीचे महिन्याला 2,000 रुपये जमा होतात, धाकटीच्या खात्यावर लाडकी बहीण योजनेचे 1,500. थोरलीला राज्यातल्या साध्या सरकारी बसला तिकीट लागत नाही, धाकटीला एसटीत निम्मं लागतं. दोघींची बोली एक, जोतिबा एक, सौंदत्तीची यल्लम्मा एक, आणि पदराच्या गाठीतला रुपयाही एकच. सरकारं मात्र दोन.

या दोन आकड्यांवरून आमच्याकडे जो वाद चालतो तो मी सोसायटीच्या ओट्यावर ऐकलाय, लग्नाच्या पंगतीत ऐकलाय, गावोगावच्या साहित्य संमेलनांतल्या परिसंवादांतही ऐकलाय. एक बाजू म्हणते, फुकट वाटून राज्य बुडणार. दुसरी म्हणते, गरिबाच्या हातात दोन पैसे पडले की यांच्या पोटात का दुखतं? दोघंही तावातावाने बोलतात, पण दोघांनी एक गोष्ट न तपासता मान्य केलेली असते. सरकार म्हणजे एक मोठं घर, घराला मिळकतीइतकाच खर्च करता येतो, तेव्हा पैसा आधी कुठून तरी आणावा लागतो. पहिली बाजू म्हणते आणू नका, दुसरी म्हणते श्रीमंताकडून आणा. हे मान्य केलेलं गृहीतच अर्धवट आहे, आणि त्याची किंमत आमच्यासारख्या कडेच्या भागाला जास्त मोजावी लागते, असं माझं म्हणणं आहे. ते सविस्तर मांडतो.

पैसा म्हणजे काय, हे शिकायला आमच्या भागात पुस्तक उघडायची गरज नाही. ऊस तुटून गाडी काट्यावर गेली की शेतकऱ्याच्या हातात वजनाची पावती येते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे बिल 14 दिवसांत पडायला हवं, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज द्यायला हवं. बिलाला महिने लागलेले हंगाम मी माझ्या घरात पाहिले आहेत, व्याजाचा रुपया मात्र कधी पाहिला नाही. पण त्या मधल्या काळात गाव थांबत नाही. दुकानदार वहीवर लिहून किराणा देतो, खतवाला पोती सोडतो, ट्रॅक्टरवाला खोडव्यात काम करून जातो, आणि सगळ्यांचा आधार एकच: बिल पडल्यावर. एक नोट न हलता अर्ध्या गावाचा व्यवहार पार पडतो. तिथं पैशाचं काम कारखान्याचं देणंच करत असतं. ज्याचा शब्द चालतो, त्याचं देणं पैसा म्हणून चालतं.

बँकेतही हेच घडतं, फक्त तिथं ते दिसत नाही. पिग्मी एजंट रोज गल्लीतून दहा-वीस रुपये गोळा करतो, त्याची थप्पी लागते आणि तीच कुणाला तरी कर्ज म्हणून मिळते, असं चित्र आपल्या डोळ्यांपुढे असतं. (ही पिग्मी आपल्याकडे किनाऱ्यावरून आली. पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या उडुपीच्या बँकेने ती 1928 मध्ये सुरू केली, आणि आज बेळगावात पिग्मी न भरणारा दुकानदार क्वचितच सापडेल.) छोट्या सोसायटीपुरतं ते चित्र बरंचसं खरं आहे. मोठी व्यापारी बँक मात्र कर्ज मंजूर करते तेव्हा कर्जदाराच्या खात्यावर रक्कम लिहिते, आणि ती ठेव त्या क्षणी नव्याने जन्माला येते. आधी कुणी ठेवलेली असावी लागत नाही. बँक ऑफ इंग्लंडने 2014 साली आपल्या त्रैमासिकात हे स्वच्छ शब्दांत मांडलं: ठेवींतून कर्जं निघतात ही समजूत उलटी आहे, कर्जातून ठेवी तयार होतात. एका मध्यवर्ती बँकेने हे सांगितल्यावर तरी आपण वाद नव्या जागेवरून सुरू करायला हवा होता.

नवी जागा म्हणजे ही. रुपयाच्या व्यवहारात सगळेजण एका पायरीवर उभे नाहीत. सर्वांत खाली घर आणि शेतकरी. त्यांना रुपया मिळवावाच लागतो. वरच्या पायरीवर बँका. त्या कर्ज देऊन रुपया तयार करतात, पण त्यांच्या पाठीशी रिझर्व्ह बँक असते म्हणून. राज्य सरकार या शिडीवर कुठं आहे? लोकांना वाटतं खूप वर. माझ्या मते ते घराच्या बरंच जवळ आहे. बंगळूर असो की मुंबई, दोन्ही सरकारं रुपया वापरणारी आहेत, काढणारी नाहीत. केंद्राचं देणं शिल्लक असेल तर राज्यघटनेच्या कलम 293 प्रमाणे नवं कर्ज उचलायलाही त्यांना केंद्राची संमती लागते. 2017 मध्ये जीएसटी आला आणि कर वाढवायच्या बऱ्याच जागा त्यांच्या हातून गेल्या. तेव्हा कर्नाटकाच्या पाच गॅरंटींवर, म्हणजे गृहलक्ष्मी आणि बायकांच्या मोफत बससारख्या योजनांवर, वर्षाला 50,000 कोटींच्या वर खर्च होतो, तो दुसरीकडून काढूनच आणावा लागतो. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एखाद्या पुलाचं काम रखडलं आणि लोक त्याचा संबंध गॅरंटीशी जोडू लागले, तर त्यांना मूर्ख ठरवू नये. राज्याच्या पायरीवर ‘पैसा कुठून आणणार’ हा प्रश्न रास्त आहे.

दिल्लीच्या पायरीवर तो तसाच्या तसा लागू होत नाही. रुपया ही भारत सरकार आणि रिझर्व्ह बँक यांची निर्मिती. 1997 पर्यंत केंद्राला पैसा कमी पडला की हंगामी ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारची थोड्या मुदतीची कर्जपत्रं, निघायची आणि रिझर्व्ह बँक आपोआप रक्कम पुरवायची. ती सोय 1997 मध्ये बंद केली गेली. 2003 च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याने पुढे असं ठरवलं की 2006 पासून रिझर्व्ह बँकेने सरकारी रोखे थेट सरकारकडून घ्यायचे नाहीत. या मर्यादा चांगल्या की वाईट यावर मतभेद असू देत. पण त्या आपण कायदा करून घातल्या आहेत, त्या निसर्गाने घातलेल्या नाहीत, एवढं मान्य करायला काय हरकत आहे? कोविडच्या वर्षात, 2020-21 मध्ये, केंद्राची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या 9 टक्क्यांवर गेली. ‘पैसा नाही’ म्हणून कुणी हात वर केले नाहीत. त्याच वर्षी जीएसटीमुळे घटलेल्या उत्पन्नाची राज्यांना द्यायची भरपाई थकली तेव्हा राज्यांना आधी सांगितलं गेलं की तुम्हीच कर्ज काढा. राज्यांनी ओरड केल्यावर केंद्राने 1 लाख 10 हजार कोटींचं कर्ज स्वतः काढून राज्यांना दिलं. कोणत्या पायरीवरून कर्ज काढणं सोपं, हे त्या वर्षी उघड्यावर दिसलं.

रिझर्व्ह बँकेचा वरकड नफाही केंद्राकडे जातो. 2024-25 या वर्षासाठी ती रक्कम 2 लाख 68 हजार 590 कोटी रुपये होती. हे उत्पन्न करातलं नसल्यामुळे राज्यांत वाटायच्या रकमेत ते धरलं जात नाही. हा रुपया ज्यांच्या हातांतून फिरतो त्यांत निपाणीची विडी वळणारी बाई आहे, उद्यमबागच्या फौंड्रीतला मोल्डर आहे, कडोलीचा बटाटा-रताळ्याचा शेतकरी आहे. रुपया काढण्याच्या अधिकारातून आलेल्या कमाईतला वाटा त्यांच्या राज्याला हक्काने का मिळू नये? कराच्या वाटपावरून कर्नाटकाने पुष्कळ आवाज उठवला, आणि पंधराव्या वित्त आयोगाने राज्याचा हिस्सा 4.71 वरून 3.65 टक्क्यांपर्यंत खाली आणला तेव्हा तो योग्यच होता. या दुसऱ्या खिशाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

अर्थशास्त्रातल्या ज्या पर्यायी प्रवाहाला आधुनिक चलन सिद्धांत म्हणतात, त्याचा गाभा एवढाच आहे. अब्बा लर्नर या अर्थतज्ज्ञाने 1943 मध्ये तो कार्यात्मक वित्त या नावाने मांडला होता. स्वतःचं चलन असलेल्या सरकारने तुटीचा आकडा बघून खर्च ठरवू नये. हात रिकामे आहेत की नाहीत आणि भाव चढताहेत की नाहीत, ते बघून ठरवावा. कर घेतले जातात ते लोकांच्या हातातली खरेदीची ताकद कमी-जास्त करण्यासाठी, आणि तो रुपया सगळ्यांना हवासा वाटावा म्हणूनही. ही मांडणी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती हातचलाखी वाटली होती. माझं मत बदललं ते विन गॉडली या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या साध्या हिशेबाने. कुणाचा तरी खर्च ही कुणाची तरी मिळकत असते. म्हणून देशात सरकारची तूट, खाजगी लोकांची शिल्लक आणि परदेशाशी असलेली देणीघेणी यांचा मेळ बसतोच. सरकारने तूट कमी केली आणि परदेशातून जास्त पैसा आला नाही, तर ती कमी झालेली रक्कम कुणाच्या तरी घरातल्या शिल्लकेतून वजा होते.

आणि ती कुणाच्या घरातून वजा होते, ते आमच्या जिल्ह्यात दारोदार पाहायला मिळतं. मायक्रोफायनान्सवाले दर आठवड्याला गल्लीत येतात. बायका गोल करून बसतात, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. एकीचं कर्ज फेडायला दुसऱ्या कंपनीचं, ते फेडायला तिसऱ्या कंपनीचं. 2025 च्या सुरुवातीला घरांना कुलपं लावून माणसं रस्त्यावर आणल्याच्या बातम्या याच जिल्ह्यातून आल्या, आणि फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. सरकारच्या कर्जाच्या आकड्यावर आपण रात्र रात्र चर्चा करतो. गल्लीतल्या या कर्जावर कितीजण बोलतात? सरकारी तूट आटोक्यात आली म्हणून पाठ थोपटून घेतली जात असताना तीच तूट बायकांच्या गटात हप्त्याने फेडली जात असते. गृहलक्ष्मीचे 2,000 रुपये पुष्कळ घरांत थेट या हप्त्यात जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या पैशाला फुकट म्हणताना माझी जीभ रेटत नाही.

इतकं म्हटल्यावर या सिद्धांतावरचा सर्वांत वजनदार आक्षेप टाळून पुढं जाणं अप्रामाणिक ठरेल. तो आक्षेप मराठी माणसानेच घेतला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘रुपयाचा प्रश्न’ हा इंग्रजी ग्रंथ 1923 मध्ये लंडनहून निघाला. त्याच्या दहा वर्षं आधी ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सने हिंदुस्थानच्या चलनाबद्दल लिहिताना असं म्हटलं होतं की नाणी सोन्याची नकोत, रुपयाचा भाव सोन्याशी किंवा पौंडाशी जोडून सरकारने चलन हुशारीने सांभाळावं. आंबेडकरांनी त्याला सरळ विरोध केला. सरकारच्या हातात रुपया हवा तेवढा काढायची मोकळीक ठेवली की तो जास्त निघणारच, त्याची किंमत पडणारच, म्हणून त्याच्या संख्येवरच कायद्याने मर्यादा घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. परदेशी हुंडणावळीचा दर स्थिर ठेवण्यापेक्षा देशातले भाव स्थिर ठेवणं त्यांना महत्त्वाचं वाटत होतं. हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली. भाव चढतात तेव्हा मजुरी मागं राहते, व्यापाऱ्याला जो फायदा दिसतो तो मजुराच्या ताटातून आलेला असतो, हा त्यांच्या युक्तिवादाचा जिवंत भाग आहे.

हे मुद्दाम सांगतो कारण ग्रंथ निघाल्यानंतर दोनच वर्षांनी, 1925 च्या एप्रिलमध्ये, बाबासाहेब निपाणीला परिषदेसाठी आले होते. तंबाखूच्या वखारींचं गाव. चलनाच्या किमतीबद्दल ते जे लिहीत होते त्याची माणसं तिथं त्यांच्या समोर बसलेली होती. आजही निपाणीत हजार विड्यांमागे मजुरी ठरते, आणि ती वाढायला वर्षं लागतात. गोडं तेल, डाळ, गॅस यांना वाढायला आठवडा पुरतो. सरकारने रुपया सैल सोडला आणि बाजारात माल वाढला नाही, तर पहिला फटका विडी वळणाऱ्या बाईला बसेल. पर्यायी अर्थशास्त्राचे काही हौशी पुरस्कर्ते महागाईची भीती म्हणजे सावकारांनी उठवलेली आवई असल्यासारखं बोलतात. विडी कामगार बाईपुढे बसून त्यांनी तसं बोलून दाखवावं.

दुसरी मर्यादा आयातीची. अमेरिका डॉलर काढते आणि तेलाचे पैसे डॉलरमध्येच देते. आपण रुपया काढतो, पण कच्चं तेल बहुतेक सगळं बाहेरचं, खाद्यतेल निम्म्याहून जास्त बाहेरचं, आणि उसाला घालतो ते पोटॅश तर सगळंच बाहेरचं. 1991 मध्ये परकीय चलन काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं आणि देशाचं सोनं गहाण ठेवावं लागलं. त्या वेळी रुपये छापून काही उपयोग नव्हता. म्हणून न्यूयॉर्कमधून आलेला सिद्धांत जसाच्या तसा चिकोडीत लावता येत नाही.

मग काय उरतं? माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग उरतो: खर्चाची मर्यादा रुपयाने ठरत नाही, हातांनी, पाण्याने आणि मालाने ठरते. आणि ती मर्यादा प्रत्येक गावात, प्रत्येक महिन्यात वेगळी असते. नोव्हेंबर ते मार्च गळीत हंगाम असतो तेव्हा आमच्याकडे हात कमी पडतात, बीडहून टोळ्या येतात. त्या महिन्यांत सरकारने आणखी कामं काढली तर मजुरांची ओढाताण होईल, भाव चढतील. एप्रिल-मेमध्ये तेच हात रिकामे असतात. खानापूरच्या जंगलकाठच्या गावांत तर भाताचं पीक निघालं की पोरं गोवा-पुण्याची वाट धरतात, मागं म्हातारी माणसं आणि गळकी तळी उरतात. त्या दिवसांत त्या गावातलं तळं दुरुस्त करायला रुपया खर्च केला तर महागाई कशी होईल? माणूस तिथं आहे, माती तिथं आहे, दगड तिथं आहे. पुढच्या वर्षी पाणी वाढलं तर उलट माल वाढेल.

हा विचार महाराष्ट्राने कुणाच्या सिद्धांताची वाट न बघता अमलात आणला होता. सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे यांनी कामाच्या हक्काची कल्पना पुढे रेटली, 1972 च्या दुष्काळात ती गावोगाव उभी राहिली आणि 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. पैशासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर लावला. म्हणजे रुपया वापरणारं राज्यसुद्धा हे करू शकतं, पण त्यासाठी त्याला कुणाच्या तरी पगारातून तो काढावा लागतो. आमचा भाग 1 नोव्हेंबर 1956 लाच म्हैसूर राज्यात गेला होता, त्यामुळे तो कायदा नाक्याच्या पलीकडेच थांबला. कामाचा हक्क आमच्याकडे आला तो 2005 च्या केंद्रीय कायद्याने, जवळजवळ तीस वर्षं उशिरा. त्या कायद्यातली उत्तम गोष्ट अशी होती की अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्रावर होता. शिडीवर सगळ्यात वर जो उभा आहे, ज्याला रुपया संपण्याची भीती नाही, त्याच्यावर.

2025 च्या डिसेंबरात संसदेने त्या जागी नवा कायदा केला. दिवस 100 वरून 125 झाले, त्याचं मी मनापासून स्वागत करतो. पण खर्च केंद्र 60 आणि राज्य 40 असा वाटला गेला, आणि राज्यांना मिळणारी रक्कमही आधी ठरवून दिली जाणार. आधीच्या सगळ्या चर्चेचा अर्थ इथं लागतो. वरच्या पायरीवरचं ओझं खालच्या पायरीवर उतरवलं गेलं. ज्या राज्याची तिजोरी ओढग्रस्त आहे ते काम कमी काढेल, आणि काम कमी निघालं तर 125 दिवस कागदावर राहतील. आमच्या पुढाऱ्यांनी, कन्नड असोत की मराठी, यावर एकत्र बोलायला हवं. सीमेचा वाद सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून पडून आहे. तो तिथं चालू दे. हा वाद त्याच्यासाठी थांबू नये.

शेतमालाच्या भावाचा प्रश्नही मी यातच धरतो. 1981 मध्ये निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्ग अडवला आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. शेतीतून भावाच्या वाटेने पैसा बाहेर ओढला जातो, हे जोशींचं विश्लेषणही देशाच्या एकूण अर्थव्यवस्थेबद्दलचंच होतं, त्यांचा उपाय मात्र खुल्या बाजाराचा. 2025 च्या नोव्हेंबरात मूडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसला ऊस उत्पादक टनाला 3,500 रुपयांसाठी बसले, आणि 3,300 वर तडजोड झाली. त्याच निपाणीत वखारीतल्या बायका मजुरीसाठी संघटित झाल्या. शेतकऱ्याचा भाव वाढला की त्यांचं धान्य महागतं, त्यांची मजुरी वाढली की शेतकऱ्याचा खर्च. एकमेकांशी भांडायला लावणारी ही गाठ कामाच्या हमीने थोडी सैल होते, कारण सक्तीने स्वस्तात राबायची वेळ दोघांच्याही घरातल्या माणसावर येत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. रिझर्व्ह बँकेच्या वरकड नफ्यातला ठराविक हिस्सा राज्यांच्या रोजगार हमीसाठी बांधून द्यावा. अकुशल मजुरीचा पूर्ण भार केंद्राने परत उचलावा. कोणत्या महिन्यात काम काढायचं आणि कोणत्या महिन्यात थांबवायचं, ते गावच्या ग्रामसभेने ठरवावं, कारण खानापूरची लावणी आणि अथणीची ऊसतोड एका तक्त्यात बसत नाही. आणि मजुरी महागाईशी जोडावी, म्हणजे बाबासाहेबांचा आक्षेप कागदावरच नव्हे, हातावरही सांभाळला जाईल.

ही मजुरी दिल्लीच ठरवते. 2025-26 साठी रोजगार हमीचा दिवसाचा दर कर्नाटकात 370 रुपये होता आणि महाराष्ट्रात 312. निपाणीची थोरली आणि कागलची धाकटी एकाच उन्हात, एकाच पद्धतीचं माती उपसायचं काम करत होत्या, आणि दोघींच्या दिवसात 58 रुपयांचं अंतर होतं. दोघींचे रुपये एकाच ठिकाणाहून निघतात. हे अंतर का, हा प्रश्न बंगळूरला आणि मुंबईला विचारून उपयोग नाही.